लिस्बनच्या चढउतारावर मुरगळलेला घोटा

लिस्बनमधील पदपथ चुनखडीच्या लहान, हाताने घडवलेल्या चिऱ्यांचे असतात. 1842 मध्ये साओ जॉर्ज किल्ल्याच्या आवारात सुरू झालेली आणि त्या दशकाच्या अखेरीस रोसियू चौकातील काळ्यापांढऱ्या लाटांच्या नक्षीमुळे नावारूपास आलेली ही फरसबंदी, जिला तेथे 'काल्सादा' म्हणतात, सततच्या वर्दळीने गुळगुळीत झाली आहे, आणि पावसाची एखादी सर येऊन गेल्यावर तिच्या उतारावर पाऊल आत वळून घोटा मुरगळण्यास क्षणही पुरतो. अशा वेळी घोट्याच्या बाहेरच्या बाजूचा अस्थिबंध, म्हणजे एका हाडाला दुसऱ्याशी बांधून ठेवणारी चिवट पट्टी, ताणला जातो किंवा काही अंशी फाटतो. दुखापत किरकोळच असते, परंतु परक्या शहरात तिच्यातून बरे होणे हे एक स्वतंत्र काम आहे, कारण घरी आपोआप मिळणारी विश्रांती तेथे ठरवून उभी करावी लागते.

पहिला प्रश्न हाड मोडले आहे काय, हा असतो, आणि त्यासाठी 1992 मध्ये कॅनडातील ओटावा येथे मांडलेले नियम जगभरचे डॉक्टर वापरतात. घोट्याच्या दोन्ही बाजूंच्या उंचवट्यांची मागची कड, टोकापासून सहा सेंटीमीटरपर्यंत, दाबल्यावर हाड दुखत नसेल, पावलाच्या मध्यभागी तशी जागा सापडत नसेल आणि लंगडत का होईना चार पावले टाकता येत असतील, तर एक्स-रेची गरज बहुधा नसते.

पोर्तुगालमधील रुग्णालयांच्या तातडीच्या विभागात रुग्णाच्या मनगटावर रंगीत पट्टी बांधली जाते. मँचेस्टर येथे विकसित झालेल्या या पद्धतीत लाल रंग तत्काळ उपचाराचा, तर हिरवा रंग सुमारे दोन तास थांबू शकणाऱ्या रुग्णाचा असतो, आणि गर्दीच्या दिवशी हिरव्या पट्टीची प्रतीक्षा त्याहूनही लांबते. मुरगळलेला घोटा घेऊन बसलेल्या परदेशी प्रवाशाला आपल्याला डावलले जात आहे असे वाटू लागते, मात्र हा क्रम दुखण्याच्या गांभीर्यावर ठरतो, आणि ही गोष्ट आधी माहीत असणे हाच त्या बाकावरचा मोठा दिलासा होय.

भारतीय प्रवाशाकडे शेंगेन व्हिसासाठी घेतलेला किमान 30,000 युरोंचा वैद्यकीय विमा असतो. निदान लिहिलेला अहवाल, बिले आणि पावत्या जपून ठेवल्या तर दाव्याची वाट सुकर होते. विमा देयक भागवतो, विश्रांती देत नाही. आधीच पैसे भरलेल्या सहलीचा एकही दिवस वाया जाऊ नये, हा आग्रहच येथे दुखापतीपेक्षा अधिक अपाय करतो. पहिले काही दिवस सुजेचे असतात. ती सूज निव्वळ उपद्रव नसून दुरुस्तीचा आरंभ असते. त्यानंतर काही आठवडे कोलॅजेन या प्रथिनाचे नवे, विस्कळीत तंतू तयार होतात, आणि ते ताणाच्या दिशेने सरळ व बळकट होण्यास महिने लागतात. प्रवासाचा कार्यक्रम या वेळापत्रकाला जुमानत नाही, म्हणून बदलायचा तो कार्यक्रमच. आल्फामाच्या पायऱ्या सोडाव्यात, 1755 च्या भूकंपानंतर सरळ रस्त्यांनी नव्याने वसवलेल्या सपाट बायशा भागात राहावे, आणि कायश दो सोद्रे धक्क्यावरून काशिलियासला जाणाऱ्या बोटीत बसून तेजो नदीच्या पात्रातून टेकड्यांवरचे शहर पाहावे. पाय उंचावर ठेवता येत नसला तरी त्याच्यावर भार पडत नाही, आणि लिस्बनची रचना येथून जितकी नीट कळते तितकी त्याच्या गल्ल्यांतून क्वचितच कळते.

औषध हिरव्या क्रॉसची खूण असलेल्या दुकानात मिळते. ओळखीची नावे तेथे नसतात, साध्या पॅरासिटामॉलची गोळी 'बेन-उ-रॉन' या नावाने हातात येते, म्हणून मूळ घटकाचे नाव सांगणे श्रेयस्कर. सोबतच्या मराठी मंडळींकडून पाय चोळून देण्याचा प्रेमळ प्रस्ताव हमखास येतो. तो पहिल्या दिवसांत नाकारावा, कारण ताज्या जखमेवर जोर दिल्याने रक्तस्राव आणि सूज वाढू शकते. क्रेप बँडेज बोटांकडून पोटरीकडे, मात्र बोटे बधिर किंवा निळसर न होतील इतपतच घट्ट बांधावे.

परतीच्या प्रवासात संकोच सोडून चाकांची खुर्ची मागावी. युरोपीय संघातील विमानतळांवर 2006 च्या 1107 क्रमांकाच्या नियमानुसार हे साहाय्य विनामूल्य असते, फक्त विमान कंपनीला 48 तास आधी कळवावे लागते. जिना चढता येत नाही हे तेव्हाच स्पष्ट सांगितले पाहिजे, कारण केवळ लांब अंतर चालू न शकणाऱ्या प्रवाशाची नोंद वेगळी होते आणि शिडीपाशी पोहोचल्यावर ती चूक सुधारणे अवघड जाते.

घरी परतल्यावर दुखणे ओसरते आणि बहुतेक जण उपचार संपला असे धरून चालतात. वस्तुतः सांध्याची स्थिती मेंदूला कळवणारी संवेदना अस्थिबंधाबरोबरच दुखावलेली असते; भिंतीचा आधार हाताशी ठेवून एका पायावर उभे राहण्याचा सराव, आधी उघड्या डोळ्यांनी व नंतर मिटलेल्या, कित्येक आठवडे केला नाही, तर तोच घोटा पुन्हा मुरगळण्याचा धोका मागे राहतो.