आधी मेणाची वडी, मग प्रोटॉन

पाटसहून पुणे गाठायला रेल्वे आहे, सोलापूर महामार्ग आहे. उपचाराला उशीर होतो तो घरातच. पोर सकाळी उठल्याउठल्या ओकतं, डोकं धरून बसतं, चालताना झोकांड्या खातं. घरचे म्हणतात, पित्त झालंय. मेड्युलोब्लास्टोमा ही लहान मेंदूतली गाठ मेंदूभोवतीच्या पाण्याची वाट अडवते, डोक्यातला दाब वाढतो, आणि लक्षणं मात्र पित्तासारखीच दिसतात.

अशा गाठींसाठीचं एक अजस्र यंत्र खारघरला आहे. टाटा स्मारक केंद्राच्या अ‍ॅक्ट्रेकमध्ये 2023 पासून प्रोटॉनचा शेक दिला जातो. सायक्लोट्रॉन प्रोटॉनांना प्रकाशाच्या निम्म्याहून जास्त वेग देतो. झोत कोणत्याही कोनातून सोडता यावा म्हणून रुग्णाभोवती फिरणारी गॅन्ट्री शंभर टनांहून जड असते. क्ष-किरण गाठ ओलांडून पलीकडे जातात. मेड्युलोब्लास्टोमात पूर्ण कण्याला शेक द्यावा लागतो, तेव्हा हृदय, आतडी, थायरॉइड यांनाही ते लागतात. प्रोटॉन ठरल्या खोलीवर बहुतांश ऊर्जा टाकून थांबतो. वाढत्या वयाच्या मुलाला हा फरक जन्मभर पुरतो. कवटीच्या तळाशी, मेंदूच्या देठाला चिकटून वाढणाऱ्या कॉर्डोमा या गाठीतही तो फार मोलाचा. प्रोटॉनने उपचार करण्याची कल्पना 1946 मध्ये मांडली ती अणुबॉम्बच्या प्रकल्पात राबलेल्या रॉबर्ट विल्सन यांनी. टाटा रुग्णालयही 1962 पासून अणुऊर्जा खात्याकडेच आहे; योगायोग म्हणा.

तरी माझ्या मते खरी करामत यंत्राच्या आधी होते. शस्त्रक्रियेत काढलेला तुकडा फॉर्मालिनमध्ये ठेवतात, मेणात बसवून त्याचा ब्लॉक करतात. त्याचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले की नाव कळतं, पण स्वभाव कळायला जनुकं तपासावी लागतात. मेड्युलोब्लास्टोमाचे डब्ल्यूएनटी, एसएचएच, गट 3 आणि गट 4 असे चार मुख्य प्रकार. पहिला त्यातल्या त्यात सौम्य, तिसरा बहुधा वाईट. मेणातल्या तुकड्यावरूनच हा प्रकार ओळखण्याची पद्धत अ‍ॅक्ट्रेकमध्ये नीलम शिरसाट यांच्या गटाने बसवली. 2016 पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणातही रेणवीय तपासणीला मोठं स्थान मिळालं आहे.

प्रकार कळला म्हणजे उपचार हलका करता येईल, असंही नाही. डब्ल्यूएनटीच्या मुलांमध्ये कण्याचा शेक टाळून पाहण्याची चाचणी टाटाच्या डॉक्टरांनी केली. काही मुलांचा आजार कण्यात उलटला, आणि चाचणी मुदतीआधी थांबवावी लागली. हा निकाल त्यांनी झाकून न ठेवता छापला. यंत्राच्या वजनापेक्षा मला हे जड वाटतं.

तेव्हा गाठ कुठेही काढलेली असो, पुढच्या रुग्णालयात जाताना एमआरआयची सीडी, शस्त्रक्रियेचा कागद आणि ब्लॉक मागून घ्या. नुसता रिपोर्ट पुरत नाही. ब्लॉक हरवला तर फेरतपासणीला तुकडाच उरत नाही.