मैदानावरचा प्राध्यापक

शिकागो, नोव्हेंबर 1905. घड्याळ मी लावलंय, कामं मात्र एमॉस अलोन्झो स्टॅग यांचीच.

सकाळी आठ. दिवस मैदानावर नाही, कार्यालयात सुरू होतो. शिकागो विद्यापीठाचे अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर यांनी 1892 मध्ये त्यांना आणलं ते शारीरिक शिक्षण विभागाचे संचालक म्हणून, शिवाय प्राध्यापकाचा दर्जा देऊन. इतर कॉलेजांचे प्रशिक्षक बहुधा हंगामापुरते येत. यांची नोकरी पक्की. अमेरिकन फुटबॉलच्या पहिल्या हंगामात खेळाडू कमी पडले, तेव्हा हे प्राध्यापक स्वतःच खेळायला उतरले होते.

दहा. बार्टलेट व्यायामशाळा. इथे नुसते पहिलवान येत नाहीत, पुस्तकी किडेही येतात. शारीरिक शिक्षण सक्तीचं आहे. बास्केटबॉल तर स्टॅग यांच्या डोळ्यांदेखत जन्मला. शिकागोआधी ते स्प्रिंगफील्डच्या संस्थेत होते; तिथे हा खेळ शोधणारे जेम्स नेस्मिथ त्यांच्याच फुटबॉल संघात खेळत. मार्च 1892 मध्ये तिथे बास्केटबॉलमध्ये विद्यार्थ्यांनी शिक्षकांना 5–1 हरवलं. शिक्षकांचा तो एकुलता एक गोल स्टॅग यांचा. पुढे जानेवारी 1896 मध्ये शिकागोच्या पोरांनी आयोवात जाऊन पाच-पाच खेळाडूंचा सामना 15–12 असा जिंकला.

दुपारी तीन. मार्शल फील्ड, म्हणजे व्यापारी मार्शल फील्ड यांनी दिलेल्या जागेवरचं मैदान. खरा दिवस आता सुरू होतो. संघातला वॉल्टर एकर्सॉल लाथेने चेंडू उंच, लांब धाडतोय. बाकीचे पुतळ्यावर झेप घेऊन पकड घोटतायत. येलमध्ये असताना गादी गुंडाळून असा पुतळा केल्याचं श्रेय स्टॅग यांनाच देतात. ते शिवी देत नाहीत. फार चिडले तर ‘गाढवा’! आपल्याकडचे मास्तर याला शिवी समजणारही नाहीत. सगळी तयारी मिशिगनविरुद्धच्या सामन्यासाठी. तो संघ 56 सामने हरलेला नाही. 30 तारखेला शिकागो त्याला 2–0 असं नमवेल, पण आज ते कुणाला ठाऊक?

संध्याकाळी सात. नियमांचा विचार. या खेळात पोरं मरतायत. ऑक्टोबरात राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी हार्वर्ड, येल, प्रिन्स्टनच्या मंडळींना बोलावून घेतलं. स्टॅग नियम समितीवर आहेत. पुढच्या वर्षी चेंडू पुढे फेकायला परवानगी मिळेल आणि नुसत्या धडकाधडकीला पर्याय तयार होईल.

नऊ. घर. पत्नी स्टेला सामने पाहून चाली कागदावर टिपतात. प्रतिस्पर्धी कुठून घुसतो ते त्यावरून कळतं. पगार मात्र एकाच स्टॅगना.