निर्देशांक मापन यंत्रातील २१ त्रुटी आणि त्यांची भरपाई

तीन अक्षांच्या निर्देशांक मापन यंत्रात (सीएमएम) भौमितिक त्रुटी २१ असतात. प्रत्येक स्लाइड सरकताना अंतरात चुकते, दोन दिशांना सरळ रेषेपासून ढळते आणि तीन प्रकारे किंचित वळते. अशा तीन अक्षांच्या १८, शिवाय अक्षांमधील काटकोनाच्या तीन.

यांत वळण्याची त्रुटी सर्वांत फसवी. प्रोब स्केलच्या रेषेपासून ५०० मिमी दूर असेल, तर केवळ एक सेकंद कोनाने, म्हणजे अंशाच्या ३६०० व्या भागाने, सुमारे २.४ मायक्रॉन फरक पडतो. हे गणित स्वतः करून पाहा.

ग्रॅनाइटचे मार्ग आणखी अचूक करत बसणे फार महाग पडते. १९७० च्या दशकात अमेरिकेच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्समधील संशोधकांनी वेगळी वाट धरली: लेसर इंटरफेरोमीटरने त्रुटी मोजायच्या, संगणकात साठवायच्या आणि प्रत्येक रीडिंगमधून वजा करायच्या. मात्र त्रुटी दर वेळी तितकीच यायला हवी. सैल बेअरिंगवर सॉफ्टवेअरचा इलाज नाही.

तापमानाचा प्रश्न उरतोच. एक मीटर पोलाद एका अंशाला सुमारे ११.५ मायक्रॉन वाढते, म्हणून संदर्भ तापमान २० अंश सेल्सिअस ठरले आहे. मशीनिंगनंतर गरम असलेला भाग लगेच मोजला, तर वरची सारी भरपाई वाया जाते.