वेदनेची चावी

चपात्या भाजताना तव्याला बोट लागले की हात झटकन मागे येतो. 'भाजलं' हे आपल्याला कळते ते त्यानंतर. दरवर्षी आम्ही वर्गात ही प्रतिक्षिप्त क्रिया शिकवतो. त्वचेकडून निघालेला संदेश पाठीच्या कण्यातल्या मेरुरज्जूत पोहोचतो आणि तिथूनच स्नायूंना हुकूम सुटतो. मेंदूच्या परवानगीची वाट पाहिली जात नाही.

एकदा एका मुलीने विचारले, "सर, मग गरम दुधाचं पातेलं अम्मी हातातून टाकून का देत नाही?" प्रश्न रास्त होता. पायाशी मूल खेळत असेल, तर आई चटका सोसते आणि पातेले नीट ओट्यावर ठेवते. म्हणजे मेरुरज्जूला वरून आवरणारेही कुणी आहे.

त्यात मोठा वाटा मस्तिष्कस्तंभाचा. मेंदू आणि मेरुरज्जू यांना जोडणारा हा देठासारखा भाग. श्वास आणि हृदयाचे ठोके तो सांभाळतो, हे मुलांना पाठ असते. पण त्याच्यातून खाली उतरणारे तंतू मेरुरज्जूत नेमके तिथे पोहोचतात, जिथे वेदनेचा संदेश आत शिरतो. नळाची चावी फिरवावी तसा तो हा संदेश कमीजास्त करतो. १९६९ साली डेव्हिड रेनॉल्ड्स या संशोधकाने उंदरांच्या मस्तिष्कस्तंभाच्या वरच्या भागात सौम्य वीजप्रवाह सोडला आणि भूल न देता त्यांच्या पोटावर शस्त्रक्रिया केली. उंदीर जागे होते, तरी त्यांनी विरोध केला नाही.

माणसातही असे दिसते. १९४४ मध्ये इटलीतील रणांगणावर डॉ. हेन्री बीचर यांनी गंभीर जखमी सैनिकांना विचारले, वेदनेवर औषध हवे का? सुमारे तीन-चतुर्थांश जणांनी नको म्हटले.

मात्र चावी उलटीही फिरते. आजारपणात अंग ठणकते, साधा स्पर्शही सोसवत नाही, त्यात या यंत्रणेचा हात असतो. दुखणे लांबले, झोप उडाली, काळजी लागून राहिली, तर मस्तिष्कस्तंभ वेदना दाबण्याऐवजी वाढवू लागतो. मग जखम भरली तरी दुखणे राहते.

आमच्या घरी अम्मींचे गुडघे दुखत. एक्स-रेत फारसे काही निघाले नाही, तेव्हा आम्हीच म्हणालो होतो, "अम्मी, तुम्ही उगाच मनावर घेता." त्या गप्प झाल्या. पुन्हा दुखण्याचा विषय त्यांनी काढला नाही. जिना उतरताना कठडा मात्र घट्ट धरत. विज्ञान शिकवणाऱ्या आम्हाला हे कळायला उशीर झाला, की फोटोत न दिसणारी वेदनाही खरीच असते.

तेव्हा घरात कुणी 'दुखतंय' म्हटले, तर नखरे समजू नका. डॉक्टरांना दाखवा, त्यांची झोप सांभाळा, कामाचा भार वाटून घ्या. आणि त्याआधी, त्यांचे म्हणणे खरे माना.