विश्लेषण : वीजमीटरच जेव्हा ‘बोलू’ लागतो... काय आहे ‘इंटरनेट ऑफ थिंग्ज’?

वाशी, नेरुळ, कोपरखैरणेतल्या सोसायट्यांच्या मीटर रूममध्ये दर महिन्याला रीडिंग घेणारा कर्मचारी यायचा, मीटरचा फोटो काढायचा आणि त्यावरून बिल निघायचे. महावितरण राज्यभर बसवत असलेल्या स्मार्ट टीओडी मीटरमध्ये हे काम मीटर स्वतःच करतो. ‘इंटरनेट ऑफ थिंग्ज’ अर्थात ‘आयओटी’चे घराघरांत पोहोचणारे हे उदाहरण आहे.

आयओटी म्हणजे काय?
माणसाने बटण न दाबता वस्तूंनी नेटवर्कवरून माहिती पाठवणे आणि आदेश घेणे, म्हणजे आयओटी. केविन ॲश्टन यांनी १९९९ मध्ये हा शब्दप्रयोग रूढ केला. फिटनेस बँड, गाडीतला जीपीएस ट्रॅकर, मोबाइलवर दिसणारा सीसीटीव्ही ही सारी त्याचीच रूपे.

यंत्रणा चालते कशी?
टप्पे चार. पहिला सेन्सर : मीटरमधील सर्किट विजेचा दाब आणि प्रवाह मोजते. दुसरा जोडणी : मोबाइल नेटवर्क किंवा रेडिओ लहरींद्वारे ही नोंद ठरावीक वेळाने पाठवली जाते. तिसरा सर्व्हर : तिथे नोंदी साठवून हिशेब होतो. चौथा कृती : ग्राहकाला ॲपवर वापर दिसतो आणि बिल तयार होते.

ग्राहकाला फायदा काय?
टीओडी म्हणजे ‘टाइम ऑफ डे’. कोणत्या वेळी किती वीज वापरली, हे साध्या मीटरला सांगता येत नाही. स्मार्ट मीटरला येते. त्यामुळेच १ जुलै २०२५ पासून घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते सायंकाळी ५ या वेळेतील वापरावर युनिटमागे ८० पैशांपासून सवलत लागू झाली. वॉशिंग मशीन रात्रीऐवजी दुपारी लावले, तर फरक बिलात दिसू शकतो.

मग विरोध कशाला?
आधी पैसे भरा, मग वीज वापरा, अशा प्रीपेड मीटरला राज्यात तीव्र विरोध झाला. जून २०२४ मध्ये तत्कालीन उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी सर्वसामान्य ग्राहकांना प्रीपेड मीटर लावणार नसल्याचे जाहीर केले. टीओडी मीटरमध्ये बिल वापरानंतरच येते. तरी एक प्रश्न उरतोच. संवाद दुहेरी असलेल्या स्मार्ट मीटरचा पुरवठा दुरूनही तोडता येतो. शिवाय तासातासाच्या नोंदीवरून घरात कुणी आहे की नाही, याचा अंदाज बांधता येतो. म्हणून ही माहिती कुणाच्या हाती आणि किती काळ राहते, हे महत्त्वाचे.

घरातल्या उपकरणांचे काय?
२०१६ मध्ये ‘मिराई’ या मालवेअरने कंपनीने दिलेला पासवर्ड तसाच ठेवलेले हजारो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले. त्यांच्याच जोरावर अमेरिकेतील मोठ्या वेबसाइट काही तास ठप्प केल्या. म्हणून नवा कॅमेरा किंवा राउटर बसवताच पासवर्ड बदला, सॉफ्टवेअर अपडेट करा आणि ॲपला गरजेपुरत्याच परवानग्या द्या.