धावत्या गाडीवरचा डोळा

पडद्यावर मोटार धावत असते तेव्हा आपण नेमके कुठे बसलेलो असतो, हा प्रश्न प्रेक्षकाला सहसा पडत नाही. नायकाचा चेहरा समोरच्या काचेतून दिसतो, म्हणजे आपण बॉनेटवर असतो. चाकाखालून सरकणारा डांबरी रस्ता वीतभर अंतरावरून दिसतो, म्हणजे आपण दाराखाली लोंबकळत असतो. जिथे माणूस क्षणभर टिकणार नाही तिथे प्रेक्षक निवांत बसलेला असतो. त्याला तिथे बसवण्यासाठी कोणीतरी एक अवजड यंत्र गाडीच्या बाहेरच्या अंगाला घट्ट बांधलेले असते. हे बांधकाम पडद्यावर दिसत नाही. श्रेयनामावलीत ते ‘ग्रिप’ या एका शब्दात उरकले जाते. ते कसे केले जाते, त्याची गरज का पडली आणि पडद्यावरच्या वेगाची किंमत कोण मोजतो, याचा हा शोध.

रुळांवरून रस्त्यावर

धावत्या वाहनावर कॅमेरा बसवण्याची कल्पना मोटारीच्या आधी आगगाडीला सुचली. १८९७ साली अमेरिकन म्यूटोस्कोप कंपनीने इंजिनाच्या पुढे कॅमेरा ठेवून हॅवरस्ट्रॉ बोगद्यातला प्रवास टिपला. अशा चित्रफितींना इंग्लंड-अमेरिकेत ‘फँटम राइड’ म्हणत. गाडी दिसत नाही, चालक दिसत नाही आणि तरी आपण पुढे जात असतो, म्हणून ही भुताची सफर. १९०६ च्या एप्रिलमध्ये माइल्स बंधूंनी सॅन फ्रान्सिस्कोच्या मार्केट स्ट्रीटवर केबल कारच्या पुढे कॅमेरा ठेवला. त्यानंतर अवघ्या चार दिवसांनी, १८ एप्रिलला, भूकंपाने आणि आगीने ते शहर उद्ध्वस्त केले. ती फीत आज त्या रस्त्याची शेवटची साक्ष म्हणून पाहिली जाते.

रुळांवरच्या गाडीची चाल बरीच एकसारखी असते. रस्त्याचे तसे नाही. खड्डा, वळण, अचानक लागलेला ब्रेक असे सगळे धक्के कॅमेऱ्यापर्यंत पोचतात. बोलपट आल्यावर कॅमेऱ्याचा आवाज दाबण्यासाठी त्याला जाड आवरण चढले आणि तो आणखी जड झाला. त्यामुळे स्टुडिओंनी सोपा मार्ग धरला. गाडी स्टुडिओत उभी करायची, मागच्या पडद्यावर आधी चित्रित केलेला रस्ता पाठीमागून प्रक्षेपित करायचा आणि एका माणसाने गाडी हलवत राहायची. आपल्याकडची हिंदी चित्रपटांतली कितीतरी मोटारगाणी या ‘बॅक प्रोजेक्शन’वर उभी आहेत. ‘आराधना’ (१९६९) या चित्रपटातले जीप आणि छोट्या आगगाडीचे गाणे आठवावे. राजेश खन्ना आणि सुजितकुमार जीपसह दार्जिलिंगला होते. शर्मिला टागोर यांना सत्यजित राय यांच्या चित्रपटामुळे तेव्हा तारखा देता आल्या नाहीत, म्हणून आगगाडीच्या खिडकीतले त्यांचे भाग स्टुडिओत झाले. एकमेकांकडे पाहणारे ते दोघे त्या रस्त्यावर एकत्र नव्हतेच. गाणे तरीही पिढ्यान्‌पिढ्या टिकले, कारण तिथे वेग महत्त्वाचा नव्हता. जिथे वेग हाच विषय असतो तिथे मात्र ही युक्ती अपुरी पडते.

वजनाचे गणित

कॅमेरा, भिंग, फिल्मचा डबा आणि बॅटरी मिळून २० किलोंचा सरंजाम दारापासून ६० सेंटीमीटर बाहेर बसवायचा आहे असे समजू. गाडी उभी असताना फक्त त्याचे वजन पेलायचे असते. गाडी निघाली की हिशेब बदलतो. जोरात ब्रेक लावला तर तो सरंजाम सुमारे १६ किलोंच्या जोराने पुढे ओढला जातो. खड्ड्यात चाक आदळले की त्याचे वजन क्षणभर दुप्पट-तिप्पट होते. ही ओढ ६० सेंटीमीटर लांब दांड्याच्या टोकाला असल्यामुळे तरफेच्या नियमाने दाराजवळच्या जोडावरचा ताण आणखी वाढतो. म्हणून जाणता ग्रिप सर्वांत आधी एकच गोष्ट विचारतो: कॅमेरा गाडीच्या किती जवळ आणता येईल?

वाऱ्याचे गणित वेगळे आहे. त्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. चौरस फूटभर दर्शनी भागावर ताशी ६० किलोमीटर वेगाला जेमतेम पावणेदोन किलोंचा दाब येतो. वेग १२० केला की तो दुप्पट न होता चौपट, म्हणजे सात किलोंच्या घरात जातो. शहरातल्या वेगाला वाऱ्यापेक्षा खड्डा घातक असतो. शर्यतीच्या रस्त्यावर मात्र वाऱ्याला विसरून चालत नाही.

बांधण्याचे प्रकार मोजके आहेत. दाराच्या काचेच्या खाचेत अडकवायची आडवी चौकट, चासीला क्लॅम्पने जोडलेले धातूचे पाइप, आणि पत्र्यावर चिकटणारे सक्शन कप. सक्शन कप चिकटतो म्हणजे त्याच्या आतली हवा काढल्यावर बाहेरची हवा त्याला दाबून धरते. १५ सेंटीमीटर व्यासाच्या कपावर समुद्रसपाटीला हा दाब, पूर्ण निर्वात जमला तर, १८० किलोंच्या आसपास जातो. आकडा भरवशाचा वाटतो, पण तो सरळ ओढीचा आहे. कप कडेने उचकटला गेला किंवा धुळीमुळे आत हवा शिरली, तर तो पाहता पाहता सुटतो. दार्जिलिंगच्या उंचीवर हवेचा दाबच एक पंचमांशाने कमी असतो, म्हणजे तोच कप तिथे तेवढा दुबळा ठरतो. शिवाय मोटारीचा पत्रा एक मिलिमीटरपेक्षाही पातळ असतो. कप धरून राहतो, पण पत्राच भात्यासारखा आतबाहेर होतो आणि चित्र थरथरते.

म्हणून एकाच आधारावर कोणी विसंबत नाही. निदान तीन ठिकाणी आधार द्यायचा आणि वेगवेगळ्या दिशांनी पट्टे ताणून त्यांना एकमेकांविरुद्ध ओढते ठेवायचे. त्याशिवाय कॅमेऱ्याला एक स्वतंत्र तार बांधायची, जी या सगळ्या सांगाड्याला सोडून थेट गाडीच्या मजबूत भागाला जोडलेली असते. सांगाडा निखळला तरी कॅमेरा रस्त्यावर जाऊ नये एवढेच तिचे काम. ताशी ६० किलोमीटर वेगाने सुटलेली वस्तू १४ मीटर उंचीवरून, म्हणजे चार-पाच मजल्यांवरून पडलेल्या वस्तूइतक्या जोराने आदळते. हा हिशेब ज्याला ठाऊक आहे तो ती तार कधी विसरत नाही.

फिल्मच्या काळात यात आणखी एक गंमत होती. हजार फूट फिल्मचे वजन सुमारे दोन किलो. चित्रीकरण चालू असताना ती डब्याच्या पुढच्या कप्प्यातून मागच्या कप्प्यात जात राही, म्हणजे कॅमेऱ्याचा तोल दर मिनिटाला थोडाथोडा मागे सरके. सुरुवातीला जे घट्ट बसवले ते शेवटी तसेच राहील याची खात्री नसे.

‘कॅमेरा हलू नये’ असे आपण म्हणतो ते खरे तर अर्धवट आहे. गाडी जशी हलेल तसाच, तेवढाच, त्याच क्षणी कॅमेराही हलला पाहिजे. मग गाडी चौकटीत स्थिर दिसते आणि जग धावू लागते. दोघांच्या हालचालीत किंचित जरी फरक पडला तरी तो थरथरीच्या रूपाने पडद्यावर उमटतो, आणि लांब पल्ल्याचे भिंग असेल तर कित्येक पटींनी वाढून उमटतो.

खऱ्या वेगाचा हट्ट

१९६६ साली जॉन फ्रँकनहाइमर यांनी ‘ग्राँ प्री’ हा मोटारशर्यतींवरचा चित्रपट केला. तो ६५ मिलिमीटर फिल्मवर, म्हणजे नेहमीपेक्षा मोठ्या आणि जड कॅमेऱ्यांनी चित्रित झाला. फॉर्म्युला थ्रीच्या गाड्यांना फॉर्म्युला वनचे रूप दिले गेले. जेम्स गार्नरसारखा नट स्वतः गाडी चालवत होता आणि कॅमेरे त्या गाड्यांवरच बसवलेले होते. त्या वर्षी फॉर्म्युला वनच्या गाडीची किमान वजनमर्यादा ५०० किलो होती आणि फॉर्म्युला थ्रीची गाडी त्याहूनही हलकी. अशा गाडीच्या एका कुशीला २०-२५ किलो लटकवले की वळणावर ती तशी वागत नाही. जगज्जेता शर्यतपटू फिल हिल याने प्रत्यक्ष ग्राँ प्रीच्या दिवसांत कॅमेरा बसवलेली गाडी चालवली.

चित्रपटात वेग वाढवायची एक जुनी पळवाट आहे. सेकंदाला २४ ऐवजी २० किंवा १८ चौकटी टिपायच्या आणि नेहमीच्या गतीने दाखवायच्या. गाडी वेगवान दिसते खरी, पण कडेला उभ्या माणसाचे हात झटके खातात आणि गाडी स्प्रिंगवर खेळण्यातल्यासारखी उडते. डोळ्याला ही लबाडी लगेच कळते. फ्रँकनहाइमर यांनी ती टाळली.

याहून पुढचे पाऊल स्टीव्ह मॅक्वीनच्या ‘ल माँ’ (१९७१) या चित्रपटाचे. त्याच्या सोलर प्रॉडक्शन्स कंपनीने १९७० च्या जूनमधल्या खऱ्या २४ तासांच्या शर्यतीतच कॅमेरे बसवलेली पोर्शे ९०८ उतरवली. हर्बर्ट लिंगे आणि जोनाथन विल्यम्स आळीपाळीने ती चालवत होते. पस्तीस मिलिमीटरची हजार फूट फिल्म ११ मिनिटांत संपते आणि शर्यत २४ तासांची, त्यामुळे फिल्म बदलायला गाडी पुनःपुन्हा थांबवावी लागे. तरी ती नवव्या क्रमांकावर येण्याइतकी धावली, पण किमान अंतर पूर्ण न झाल्याने अधिकृत निकालात तिला जागा मिळाली नाही. त्याच चित्रपटाच्या पुढच्या चित्रीकरणात अपघात होऊन डेव्हिड पायपर या शर्यतपटूला एका पायाचा काही भाग गमवावा लागला.

वेग दिसतो कुठून?

इथे एक प्रश्न उभा राहतो. प्रेक्षकाला जाणवणारा वेग खरोखर स्पीडोमीटरमधून येतो का? भूमिती वेगळे सांगते. रस्ता डोळ्यासमोरून किती झपाट्याने सरकतो हे गाडीच्या वेगाला डोळ्याच्या उंचीने भागून ठरते. चालकाचा डोळा जमिनीपासून साधारण १२० सेंटीमीटरवर असतो. कॅमेरा ३० सेंटीमीटरवर आणला, तर रस्ता चौपट झपाट्याने सरकताना दिसतो. ताशी ३० किलोमीटरची गाडी आसनावरून १२० च्या वेगात दिसावी तशी दिसते. त्यात रुंद कोनाचे भिंग, कडेला झाडे किंवा भिंती आणि इंजिनाचा आवाज मिळवला की उरलेले काम प्रेक्षकाचे मन करते. ‘ग्राँ प्री’ला मिळालेली तीन ऑस्कर संकलन, ध्वनी आणि ध्वनिपरिणाम यांसाठी होती, हे इथे ध्यानात घेण्याजोगे आहे.

मग फ्रँकनहाइमर यांचा हट्ट फोल होता का? तसेही म्हणता येत नाही. रस्त्याचा वेग बनावट करता येतो, पण वजनाचे वागणे तसे करता येत नाही. वळणावर गाडी बाहेरच्या चाकांवर कलते, ब्रेक लागला की नाक खाली घालते, चालकाची मान ताठरते. हे शरीराचे आणि लोखंडाचे खरे प्रतिसाद आहेत आणि बाहेर घट्ट बसवलेला कॅमेरा ते इमानाने टिपतो. प्रश्न असा की हे खरेपण मिळवताना धोका कोणाच्या वाट्याला द्यायचा?

याचे एक समंजस उत्तर खुद्द फ्रँकनहाइमर यांच्याच ‘रोनिन’ (१९९८) या चित्रपटात सापडते. गोष्ट फ्रान्समधली, म्हणजे सुकाणू डावीकडे. त्यांनी आपल्याकडे असतात तशा उजव्या सुकाणूच्या गाड्या घेतल्या आणि डावीकडे खोटे सुकाणू बसवले. खरी गाडी कसबी चालक उजवीकडून हाकत होता. नट डावीकडे बसून खोटे चाक फिरवत होता, पण त्याच्या चेहऱ्यावरची धास्ती खोटी नव्हती. आता काही गाड्यांच्या टपावर पिंजरा करून चालकाला तिथे बसवतात. बॉनेटवर कॅमेरा असला की चालकाला पुढचे दिसत नाही, ही अडचणही त्यामुळे सुटते. नाहीतर अख्खी गाडीच बुटक्या ट्रेलरवर चढवून ओढून नेतात.

हातातला कॅमेरा

सप्टेंबर २००७ मध्ये इंग्लंडमधल्या सरे परगण्यात ‘द डार्क नाइट’ या चित्रपटातल्या एका दृश्याची चाचणी चालू होती. कसरतीच्या गाडीला समांतर दुसरी गाडी धावत होती आणि कॉनवे विक्लिफ हा विशेष दृश्यांचा तंत्रज्ञ तिच्या खिडकीतून बाहेर झुकून कॅमेऱ्याने ते टिपत होता. ती गाडी वळण चुकून झाडावर आदळली आणि विक्लिफचा मृत्यू झाला. चित्रपट चर्चेत होता तो आयमॅक्सच्या अवजड कॅमेऱ्यांमुळे. हा प्रसंग मात्र प्रत्यक्ष चित्रीकरणातलाही नव्हता. ती नुसती चाचणी होती, आणि कॅमेरा माणसाच्या हातात होता.

गाडीच्या बाहेर कॅमेरा बांधण्याच्या या सगळ्या खटाटोपाचा अर्थ या घटनेपाशी स्पष्ट होतो. पाइप, पट्टे आणि तारा चित्र स्थिर राहावे म्हणून असतातच, पण त्यांचे त्याहून मोठे काम म्हणजे त्या जागेवरून माणसाला हटवणे. बांधायला दोन तास लागतात आणि हातात धरायला दोन मिनिटे. निर्मितीच्या घाईत, आणि त्यातही ‘फक्त चाचणी आहे’ असे म्हटल्यावर, दोन मिनिटांचा पर्याय नेहमीच मोह घालतो. म्हणूनच तिथे दोन तास मागणारा आणि शेवटचा पट्टा ताणून होईपर्यंत गाडी हलू न देणारा ग्रिप सेटवर लागतो. २००८ साली प्रदर्शित झालेल्या त्या चित्रपटाच्या शेवटी अर्पणपत्रिकेत दोन नावे येतात. पहिले हीथ लेजर या नटाचे, जे जगाला ठाऊक आहे. दुसरे कॉनवे विक्लिफचे.