ग्रंथ की पोथी? : वर्षावासातील वाचनाविषयी काही विचार

वर्षावासातील ग्रंथवाचन ही आता आपल्या समाजजीवनात रूढ झालेली गोष्ट आहे. आषाढ पौर्णिमेला प्रारंभ आणि आश्विन पौर्णिमेला समारोप. या तीन महिन्यांत महाराष्ट्रातील असंख्य वस्त्यांमध्ये, दिवसभराची मजुरी आटोपून आलेली माणसे विहारात बसतात आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा ग्रंथ ऐकतात. ज्यांच्या पूर्वजांना अक्षराची सावलीसुद्धा वर्ज्य होती, त्यांनी तत्त्वज्ञानाचा ग्रंथ मधोमध ठेवून त्याभोवती बसावे, ही घटना सामान्य नाही. परंतु म्हणूनच एक प्रश्न स्वतःला विचारला पाहिजे. आपण हा ग्रंथ वाचतो आहोत, की त्याची पोथी करतो आहोत?

हिंगोली जिल्ह्यात, कळमनुरी तालुक्यातील एका विहारात मी अनेक वर्षे वाचकाचे काम करीत आलो आहे. त्या अनुभवाच्या आधारे अवघड ग्रंथाचे सामुदायिक वाचन कसे व्हावे, याविषयी काही मांडावेसे वाटते.

मूळ ग्रंथ इंग्रजीत असून तो बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर, १९५७ साली प्रसिद्ध झाला. पुढे घनःश्याम तळवटकर, म. भि. चिटणीस आणि शां. शं. रेगे यांनी तो मराठीत आणला. त्याची रचना खंड, भाग आणि क्रमांक दिलेली छोटी वाक्ये अशी आहे. ही रचना वाचायला सोपी, पण तिच्यात एक धोका आहे. वाक्याला क्रमांक आला की ऐकणाऱ्याला तो श्लोक वाटू लागतो. त्यात आमचा परिसर नरसी नामदेवाचा आणि औंढा नागनाथाचा. गावोगाव सप्ताह आणि पारायणे चालतात. पारायणात श्रवणालाच पुण्य असते. अर्थ कळला नाही तरी श्रोत्याचे काही अडत नाही. हीच सवय विहाराच्या दारातून आत येते. मग पाने संपविण्याची घाई होते, समारोपाच्या खिरीची तयारी होते आणि ‘अनात्म’ म्हणजे काय, हे विचारायचे राहून जाते.

यावर आमच्या विहारात आम्ही काही साधे नियम ठरविले. एका बैठकीत थोडेच वाचायचे. वाचून झाल्यावर वाचकाने लगेच अर्थ सांगायचा नाही. ऐकणाऱ्यांपैकी कोणी तरी आपल्या बोलीत तो सांगायचा. पहिला प्रश्न बायांनी विचारायचा, कारण पुरुष बोलू लागले की बाया गप्प बसतात. पाली शब्दाला प्रतिशब्द मिळाला म्हणजे अर्थ मिळाला असे मानायचे नाही. त्याला गावातले उदाहरण मिळाले पाहिजे. आणि प्रश्न सुटला नाही तर तो वहीत लिहून ठेवायचा. एका वर्षी आमचा ग्रंथ निम्माच झाला. परंतु त्या वर्षी वहीत जितके प्रश्न होते तितके पूर्वी कधी नव्हते.

सिद्धार्थाच्या गृहत्यागाचेच पाहा. वृद्ध, रोगी आणि प्रेत पाहून त्याने घर सोडले, ही कथा सर्वांना ठाऊक आहे. बाबासाहेबांनी ती बुद्धीला पटत नाही म्हणून बाजूला ठेवली. एकोणतीस वर्षांच्या माणसाने तोवर म्हातारा पाहिलाच नव्हता काय, असा त्यांचा आक्षेप. त्यांनी कारण मांडले ते रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलीय यांच्यात पेटलेल्या तंट्याचे. सिद्धार्थाने युद्धाला विरोध केला, पण संघाचे बहुमत युद्धाच्या बाजूने होते. निर्णय न मानणाऱ्याला देहदंड किंवा देशत्याग, नाही तर त्याच्या कुटुंबावर सामाजिक बहिष्कार आणि जमिनीची जप्ती. सिद्धार्थाने परिव्रज्या पत्करली.

हे वाचून झाल्यावर ‘बहिष्कार’ या शब्दाचा अर्थ सांगण्याची आमच्याकडे गरज पडली नाही. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला आणि त्यानंतर मराठवाड्यातील दलित वस्त्यांनी काय सोसले, हे पाहिलेली माणसे बैठकीत होती. एक म्हातारे बाबा म्हणाले, “पाण्याचं भांडण आम्हाला नवं नाही. कालव्याच्या शेवटाला पाणी पोचेपर्यंत वरचेच पिऊन टाकतात. पण घरादारावर बहिष्कार येऊ नये म्हणून एकट्यानं घर सोडणारा राजपुत्र आज कळला.” ग्रंथ पुढे सांगतो की राष्ट्राराष्ट्रांतील संघर्ष अधूनमधून होतो, वर्गावर्गांतील संघर्ष मात्र अखंड चालतो, दुःखाचे मूळ तेथे आहे. हे सूत्र कालव्याच्या टोकावर बसलेल्या माणसाला भाष्याशिवाय कळते.

सर्वांत अवघड ठरतो तो चौथ्या खंडातील पुनर्जन्म आणि कर्म यांचा भाग. बुद्धाने आत्मा नाकारला, मग पुनर्जन्म कोणाचा? बाबासाहेब या प्रश्नाचे दोन तुकडे करतात : पुनर्जन्म कशाचा आणि पुनर्जन्म कोणाचा. देह पृथ्वी, आप, तेज आणि वायू या चार द्रव्यांचा बनलेला. मरणानंतर ही द्रव्ये नाश पावत नाहीत, निसर्गातील आपापल्या साठ्यात मिसळतात आणि त्यांतून नवे देह घडतात. या अर्थाने पुनर्जन्म आहे. परंतु मेलेला तोच माणूस, आपल्या पापपुण्याचे गाठोडे घेऊन परत येतो, हे मात्र नाही.

यावर हळद लावणाऱ्या एका शेतकरी बांधवाने शंका काढली. “गड्डा लावला की हळदच येते. मग बेणं तेच, जन्म तोच, असं का म्हणू नये?” प्रश्न फार मोलाचा होता, कारण त्याचे उत्तर ग्रंथाच्या कर्मविषयक विवेचनातच आहे. हळदीला गुण आला तो बेण्यातून, म्हणजे आईबापांकडून. मूल आईबापांकडून वारसा घेते, हे विज्ञानही सांगते. पूर्वकर्माचा सिद्धांत नेमके उलटे सांगतो : देह तेवढा आईबापांचा, नशीब मात्र बाहेरून आलेल्या आत्म्याने मागच्या जन्मातून आणलेले. बेणे एका शेतातले आणि गुण भलत्याच शेतातला, असे कधी होते काय? बैठक हसली, आणि अनात्मवादाची एक पायरी चढली.

पण खरी कसोटी पुढे होती. दुसऱ्याच्या शेतात निंदणी-खुरपणी करून आयुष्य काढलेल्या एका मावशी म्हणाल्या, “गुरुजी, मला तर लहानपणापासून सांगितलं, मागल्या जन्माचं फेडतेस म्हणून. ते खोटं असंल तर मग हे भोगणं कोणाचं?” ग्रंथाचे उत्तर तिखट आहे. गरिबाच्या हलाखीची जबाबदारी राज्यावर आणि समाजावर येऊ नये, याखेरीज पूर्वकर्माच्या सिद्धांताचा दुसरा हेतू बाबासाहेबांना दिसत नाही. पुनर्जन्माचा प्रश्न विद्वानांच्या परिषदेत तत्त्वमीमांसेचा असतो. आमच्या विहारात तो मजुरीचा, जमिनीचा आणि अब्रूचा होतो. त्या मावशींच्या डोक्यावरचे न केलेल्या गुन्ह्याचे ओझे उतरले की नाही, यावर आमच्या वाचनाचे यश मोजले पाहिजे.

आता एक आक्षेप. आमच्यातलाच एक शिकलेला तरुण विचारतो, “पाली वाङ्मयात पुनर्जन्माच्या कथा आहेतच. मग बाबासाहेबांचा अर्थच खरा कशावरून?” अशा तरुणाला गप्प बसविणारे लोक आपल्याकडे आहेत. परंतु ग्रंथकर्त्यानेच हा प्रश्न टाळलेला नाही. बुद्धवचने दीर्घकाळ लेखी नव्हती. ती भाणकांनी पाठ करून राखली. आणि बुद्धाच्या हयातीतच त्यांचा विपर्यास झाल्याचे दाखले त्यांनी दिले आहेत. म्हणून त्यांनी कसोट्या दिल्या : बुद्धाचे म्हणून जे सांगितले जाते ते बुद्धीला आणि तर्काला धरून आहे काय, त्याचा मानवाच्या कल्याणाशी संबंध आहे काय, आणि बुद्धाने निश्चित म्हणून सांगितलेले कोणते व अनिश्चित म्हणून सांगितलेले कोणते. जो ग्रंथ वाचकाच्या हाती अशी कसोटी देतो, तो स्वतः त्या कसोटीतून सूट मागत नाही. त्याला सूट देणे म्हणजे त्याचा अवमान करणे होय.

औरंगाबादला (आजच्या छत्रपती संभाजीनगरला) बाबासाहेबांनी १९५० साली सुरू केलेल्या महाविद्यालयाला ‘मिलिंद’ हे नाव लाभले आणि परिसराला ‘नागसेनवन’. नागसेन उत्तर देणारा. मिलिंद प्रश्न विचारणारा. रथ म्हणजे चाक काय, आख काय, जू काय, असे नागसेनाने राजाला विचारत नेले. बैलगाडी सोडून-जोडून आयुष्य गेलेल्या माणसाला तो दृष्टांत राजापेक्षाही लवकर कळतो. पण लक्षात घ्यावे की महाविद्यालयाला नाव मिळाले ते प्रश्न विचारणाऱ्याचे.

म्हणून विहारांच्या कार्यकर्त्यांना माझे सांगणे एवढेच की, वर्षावासात किती पाने झाली याची नोंद ठेवू नका. किती प्रश्न आले याची ठेवा. पुष्प वाहा, वंदना घ्या, खीरही करा. मात्र ग्रंथ वस्त्रात गुंडाळून वर्षभर उंचावर ठेवू नका. तो हाताशी राहू द्या, त्याची पाने मळू द्या. आपल्याला शब्दप्रामाण्याच्या एका तुरुंगातून मोठ्या कष्टाने बाहेर काढले गेले आहे. त्याच ग्रंथाच्या विटा रचून दुसरा तुरुंग बांधण्याचा अधिकार आपल्याला नाही.